बोकड निवडताना २२२ आणि १४६ हे आकडेही विचारा

मृगाचा पाऊस झाला, बांधावर हिरवं दिसू लागलं की शेळ्या माजावर येतात. आता भरवलेली शेळी साधारण १५० दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या आसपास किंवा थोडं पुढे व्यायेल. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड वापरतो आपण, त्यामुळे पुढच्या सगळ्या करडांत निम्मं रक्त त्याचंच येतं. बोअर किंवा सानेन या विदेशी जातींचा बोकड, वीर्यकांडी वा भ्रूण आणणार असाल, तर वजन आणि दुधाबरोबर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ती म्हणजे स्क्रेपी या रोगाविरुद्धची आनुवंशिक प्रतिकारशक्ती. वरचे दोन आकडे तिच्याशीच जोडलेले आहेत.

स्क्रेपी हा शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूचा रोग. तो जिवाणूमुळे होत नाही, विषाणूमुळेही नाही. शरीरातलंच प्रिऑन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीचं होतं आणि शेजारच्या प्रथिनालाही तशीच घडी घालतं. करडाला लागण बहुधा जन्मताना किंवा दुधातून होते, लक्षणं मात्र दोन ते पाच वर्षांनी दिसतात. अंग घासणं, खंगणं, मागच्या पायांचा तोल जाणं. औषध नाही, लसही नाही. भारतात १९६१ साली हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत याची नोंद झाली होती.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या प्रथिनाच्या साखळीत २२२ व्या जागी ग्लुटामाइनऐवजी लायसीन असेल, किंवा १४६ व्या जागी अस्पॅराजीनऐवजी सेरीन वा अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल, तर नेहमीच्या स्क्रेपीला शेळी सहसा बळी पडत नाही. सायप्रसमधल्या दमास्कस शेळ्यांत स्क्रेपीनं थैमान घातलं, तिथे १४६ च्या जागेचं महत्त्व कळलं. २२२ चं लायसीन इटलीतल्या शेळ्यांत आणि सानेन, टोगेनबर्ग जातींत सापडतं, १४६ चं सेरीन बोअरमध्ये. युरोपीय संघानं २०२० मध्ये नियम बदलला आणि बाधित कळपातल्या अशा शेळ्यांना कत्तलीपासून जीवदान मिळालं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या तीनपैकी एका बदलाची एक प्रत असली तरी पुरते. दोन प्रती असलेला बोकड मात्र प्रत्येक करडाला एक देतो, एक असलेला सरासरी निम्म्यांनाच.

मेंढ्यांच्या तपासणीत १३६, १५४ आणि १७१ या जागा पाहतात. तो दाखला शेळीसाठी धरू नका. जनुक-तपासणी रक्ताच्या नमुन्यावर होते, पण तिच्यातून जनावर आज निरोगी आहे का हे कळत नाही. त्यासाठी कळपाचा रोगमुक्तीचा दाखला वेगळा मागा. स्क्रेपीचा असामान्य प्रकारही आहे, त्यापुढे या प्रतिकाराची खात्री नाही.

उस्मानाबादी, संगमनेरी पाळणाऱ्यांनी यापायी चांगला बोकड विकू नये, ही कळकळीची विनंती. एका जनुकासाठी दोन-तीन बोकडांवरच सगळा कळप उभा केला तर सगोत्र पैदास होईल आणि जुळ्यांचा गुणही हातचा जाईल. आपल्याकडे आधी पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) आणि आंत्रविषाराची लस वेळेवर पडणं गरजेचं आहे.

शेळी अंग घासू लागली तर आधी खरूज आणि उवा तपासा. गोचीडनाशकानं फरक पडत नाही, जनावर खंगतंय आणि पायही लटपटतायत, असं असेल तर पशुवैद्यकाला दाखवा. तोवर ते कापू नका, विकू नका. व्यायल्यानंतर पडलेली वार कुत्र्यांपुढे किंवा उकिरड्यावर टाकू नका, गोठ्यापासून आणि पाण्यापासून दूर खोल पुरा. प्रिऑन मातीत वर्षानुवर्षं टिकतो, उकळत्या पाण्यानं वा फॉर्मेलिननं मरत नाही. गर्भपात घडवणारा ब्रुसेला हा जिवाणूही वारेतून पसरतो, म्हणून ती उचलताना हातमोजे घालाच.