मोटरवर चालणारा हीटिंगचा व्हॉल्व्ह बिघडल्यास दोष कसा शोधावा

ब्रिटनमधील ज्या घरांत बॉयलर आणि गरम पाण्याची टाकी वेगवेगळी असते, तेथे बॉयलरमधून निघालेले पाणी खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरकडे जावे की टाकीकडे, हे मोटरवर चालणारे व्हॉल्व्ह ठरवतात. महाराष्ट्रातून तेथे राहायला गेलेल्या कुटुंबांना ही व्यवस्था अपरिचित असते, कारण आपल्याकडे गिझरचा आणि घर उबदार ठेवण्याचा काही संबंध नसतो. साहजिकच थंडीच्या सुरुवातीला रेडिएटर तापले नाहीत, किंवा थर्मोस्टॅट बंद करूनही बॉयलर पेटतच राहिला, की संपूर्ण व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला निमूटपणे मानला जातो. पुष्कळदा त्याची गरज नसते. व्हॉल्व्हचे मोटर, मायक्रोस्विच (बॉयलर सुरू करणारा छोटा स्विच) आणि पाण्यातला पितळी भाग असे तीन घटक असतात, आणि यांपैकी नेमका कोणता बिघडला आहे हे कळल्याशिवाय खर्चाचा निर्णय घेऊ नये.

प्रथम घरात कोणती रचना आहे ते पाहावे. टाकीच्या कपाटात दोन-दोन तोंडांचे दोन व्हॉल्व्ह असतील, तर त्या रचनेला ‘एस प्लॅन’ म्हणतात. तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह असेल, तर ‘वाय प्लॅन’. टाकी नसलेल्या कॉम्बी बॉयलरमध्ये पाणी वळवणारा व्हॉल्व्ह सहसा बॉयलरच्या आतच असतो आणि तेथे घरच्या माणसाने हात घालू नये. पुढील विवेचन मुख्यतः ‘एस प्लॅन’विषयी आहे.

झाकण न उघडता करता येणारी तपासणी अशी. थर्मोस्टॅट वाढवून हीटिंग सुरू करावे, अर्धा-एक मिनीट थांबावे आणि हीटिंगच्या व्हॉल्व्हच्या बाजूचा छोटा लिव्हर बोटाने हलवून पाहावा. तो अगदी सैल, विनाअडथळा सरकला, तर मोटरने व्हॉल्व्ह आधीच उघडलेला आहे. स्प्रिंगचा ताण आणि गिअरची घरघर जाणवली, तर व्हॉल्व्ह बंदच आहे. म्हणजे मोटर जळाली आहे, तिच्यापर्यंत वीजच पोहोचत नाही किंवा पितळी भाग अडकला आहे. व्हॉल्व्ह उघडा असूनही बॉयलर आणि पंप सुरू होत नसतील, तर संशय मायक्रोस्विचवर घ्यावा.

हा मायक्रोस्विच नीट समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. दोन तोंडांच्या व्हॉल्व्हमधून साधारणतः पाच वायर निघतात. थर्मोस्टॅटकडून येणारी वीज तपकिरी वायरने मोटरला मिळते, निळी न्यूट्रल असते आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. राखाडी वायरमध्ये वीज कायम असते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मायक्रोस्विच ती वीज नारिंगी वायरला देतो; बॉयलर व पंप त्या नारिंगी वायरवरच चालू होतात. त्यामुळे मायक्रोस्विच चिकटून बसला, तर मागणी नसतानाही बॉयलर पेटत राहतो आणि दोष मात्र थर्मोस्टॅटला दिला जातो. दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी वायर वायरिंगच्या डबीत एकत्र जोडलेल्या असल्यामुळे, हीटिंग आणि गरम पाणी दोन्हींची मागणी बंद करूनच बॉयलर पेटत राहतो का, ही तपासणी करावी. बॉयलर थांबल्यावरही पंप काही मिनिटे फिरत राहू शकतो, तोही दोष समजू नये.

झाकण उघडण्यापूर्वी बॉयलरचा स्वतंत्र फ्यूज-स्विच बंद करून त्यातील फ्यूज काढून ठेवावा आणि टेस्टरने वीज खरोखरच गेल्याची खात्री करावी. केवळ प्रोग्रामर (हीटिंग व गरम पाण्याच्या वेळा ठरवणारे उपकरण) बंद करून भागत नाही, कारण राखाडी वायर तरीही जिवंत राहते. वायरिंगची सवय नसलेल्याने येथून पुढचे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे. वीज बंद असताना मोटरच्या दोन्ही वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. काही किलोओहम आले तर वेटोळे शाबूत आहे, परिपथ तुटलेला दिसला तर मोटर जळाली आहे. अनेक मॉडेलांत मोटर एक-दोन स्क्रूंवर बसवलेली असते आणि ती एकटी बदलता येते. नवी मोटर त्याच व्होल्टेजची आणि त्याच दिशेने फिरणारी असावी.

मोटर ठीक असूनही व्हॉल्व्ह हलत नसेल, तर मोटर असलेला वरचा भाग सुटा होतो का ते पाहावे. सुटा होत असेल, तर तो काढून पितळी भागाचा दांडा हाताने हळूच फिरवावा. तो कडक झाला असेल, तर उन्हाळाभर न हलल्यामुळे किंवा पाइपांतील काळ्या गाळामुळे तो अडकलेला असतो, आणि मग मोटर बदलणे व्यर्थ आहे. असा व्हॉल्व्ह पूर्ण बंदही होत नाही, म्हणून केवळ गरम पाणी लावले असताना रेडिएटर कोमट होतात. पितळी भाग बदलायचा तर पाणी उपसावे लागते. हे काम प्लंबरचे. बॉयलरच्या गॅसच्या भागाला मात्र ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये (ब्रिटनमधील गॅस तंत्रज्ञांच्या अधिकृत यादीत) नोंद असलेल्या तंत्रज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये.

‘वाय प्लॅन’मध्ये वायरींचा अर्थ बदलतो: तेथे पांढरी वायर हीटिंगची मागणी सांगते, तर राखाडी गरम पाणी नको असल्याचे. म्हणून वरील वायरींचे नियम तेथे लावू नयेत.

दुरुस्तीनंतर आधी फक्त हीटिंग, मग फक्त गरम पाणी लावून प्रत्येक वेळी व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप हाताने चाचपावा: ज्याची मागणी आहे तोच तापला पाहिजे. शेवटी दोन्ही बंद करून बॉयलरची ज्योत विझते की नाही, हे समोर थांबून पाहावे.