खाडीकाठी किंवा नदीकाठी वॉकिंग ट्रॅक करताय? या चुका टाळा

आमच्याकडे ठाण्यात कोलशेत-बाळकुमच्या बाजूला खाडीकाठी चालायला एक धड रस्ता हवा हे आम्ही दोन-तीन सोसायट्यांतली माणसं आणि गावातली मंडळी किती वर्षं बोलतोय. शेवटी एक छोटासा तुकडा झाला, आणि तो होताना आम्ही एवढ्या चुका केल्या की बदलापूर-टिटवाळ्याकडच्या ओळखीच्या लोकांनी "आम्हालाही नदीकाठी असं करायचंय" म्हटल्यावर आधी आमच्या चुकाच सांगितल्या. त्याच इथे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आम्ही काठ मोजला जानेवारीत. सकाळी मस्त गारवा, पाणी लांब गेलेलं, चिखल सुकून भेगाळलेला, टेप लावली आणि रस्त्याची लाइन आखून मोकळे झालो. बाजूला एक कोळी मावशी जाळं सोडवत बसल्या होत्या, त्या उठल्या, आमच्यामागे जुनी दगडी भिंत होती तिच्यावर गुडघ्याच्या वरच्या उंचीला हात ठेवला आणि म्हणाल्या, "उधानाला पानी इथवर येतं, बाला." नीट बघितलं तर त्या उंचीला खरंच एक काळपट पट्टा होता आणि त्याच्या खाली दगडाला बारीक कालवं चिकटलेली होती. म्हणजे खाडीने स्वतःच खूण करून ठेवली होती, आम्हाला ती दिसली नाही.

त्यामुळे पहिलं काम हे करा की अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, तेही पावसाळ्यात, भरतीच्या वेळी काठाने चाला, आणि पाणी जिथवर आलं तिथे चुन्याने खूण करा. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातली वेळ इथे जशीच्या तशी धरू नका, पाणी खाडीतून आत यायला वेळ लागतो, आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. जोरदार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की नाल्याचं पाणी खाडीत जाऊच शकत नाही, उलटं मागे येतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला तेव्हा हे सगळ्यांनी भोगलंय.

वरच्या अंगाला म्हणजे बदलापूर वगैरेला भरतीचा प्रश्न नाही, तिथे पुराचा आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीचं पाणी चढलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारेक प्रवासी होते आत. तिथे जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा आधी मागा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत पक्की भिंत, टॉयलेट, स्टॉल, ओपन जिम असलं काही नको, साधी पायवाट आणि गवत बस, पूर त्यावरून जाऊ दे.

नदी समजून खाडीत झाडं लावू नका

हे तर अगदी मनाला लागलेलं आहे. उल्हास राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून निघते तेव्हा गोडं पाणी, पण ठाण्यापर्यंत येईतो ती खाडीच झालेली असते. आम्ही हौसेने कांचन, गुलमोहोर, कडेला शोभेची झुडपं लावली. पावसाळाभर सगळं हिरवंगार, फोटो काढले, खूष. डिसेंबरात पानांच्या कडा करपायला लागल्या, आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून टँकर वाढवला, तरी मार्चपर्यंत निम्मी रोपं गेली. एक मेलेलं रोप उपटलं तर आळ्यात मिठासारखा पांढरा थर, बोटाने खरवडून निघत होता.

तुमच्याकडे पानांच्या कडा जळत असतील तर आधी माती परीक्षण करून क्षार बघा. माती खारट निघाली तर दोन-तीन फूट उंचवटा करा, त्यात लाल माती आणि शेणखत घाला, आणि लागवड पहिल्या पावसालाच उरका म्हणजे चार महिने क्षार धुऊन जातात. झाडं काठाचीच घ्या: करंज, भेंड, उंडी, केवडा. गोड्या पाण्याच्या नदीला वाळुंज, उंबर, अर्जुन आणि ताम्हण. ताम्हण तर आपलं राज्यफूल, ओढ्या-नदीच्या काठी आपसूक वाढतं, मे महिन्यात जांभळं होऊन जातं, आणि आपण मात्र नर्सरीतून बाहेरची झाडं आणतो.

आणि तिवरांना, म्हणजे खारफुटीच्या झाडांना, हात लावू नका. "समोरचा व्ह्यू अडतो, थोडी छाटूया" असं कुणीतरी मीटिंगमध्ये हमखास म्हणतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की खारफुटीचं कांदळवन तोडायचं नाही आणि त्याच्याभोवती 50 मीटरमध्ये बांधकाम नको. खाडीकाठ म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, पण आलंच. तेव्हा परवानगीचं काय ते ड्रॉइंग काढायच्या आधी विचारा. आमचं अर्धं ड्रॉइंग यातच बाद झालं आणि सहा महिने फुकट गेले.

पेव्हर ब्लॉक खचतायत, पाणी साचतंय, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा खालचा भराव नीट दाबलेला नसतो, किंवा रस्त्याला उतारच नसतो. मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो. झाडाच्या बुंध्याभोवती चारही बाजूंनी मीटरभर माती उघडी ठेवा. आणि पायऱ्यांजवळ रॅम्प हवाच, एक फूट चढायला किमान बारा फूट लांबी, नाहीतर व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा जीव जातो.

आता माणसांचं. आमची पहिली मीटिंग बुधवारी सकाळी अकराला होती, आले कोण तर सोसायट्यांचे चेअरमन आणि रिटायर्ड काका लोक. त्यांनी काठाला सलग रेलिंग मागितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. होड्या कुठून उतरवायच्या, जाळी कुठे सुकवायची, सुकट कुठे घालायची, गणपतीचा ट्रॉली-टेम्पो पाण्यापर्यंत कसा जाणार, हे विचारायला तिथे कोणी नव्हतंच. रेलिंग लागल्यावर आठवडाभरात दोन पाइप कापलेले सापडले, आणि मला विचाराल तर त्यात होडीवाल्यांची काही चूक नाही, त्यांच्या आज्यापणज्याची वाट होती ती. आता तिथे मोकळी जागा सोडलीय आणि कोणी काही कापत नाही.

मीटिंग रविवारी संध्याकाळी ठेवा, देवळाच्या ओट्यावर किंवा थेट काठावरच, आणि भरती-ओहोटी बघून, कारण मासेमारीच्या वेळेला कोळी माणूस तुमच्याकडे येणार नाही. नकाशा प्रोजेक्टरवर नको, जमिनीवर खडूने काढा, लोक आपोआप वाकून "इथे नाही हो, तिथे" म्हणायला लागतात. बायकांशी वेगळं बोला. आमच्याकडे बायकांनी एकच गोष्ट सांगितली जी पुरुषांपैकी एकालाही सुचली नव्हती, ती म्हणजे मधल्या वळणावर उंच झुडपं नकोत, पलीकडचं दिसलं पाहिजे, नाहीतर सातनंतर आम्ही येणार नाही. दिव्यांचंही तसंच, लोक हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, मागतात, पण त्याने डोळे दिपतात आणि उजेडाबाहेरचं आणखी काळं दिसतं, शिवाय तिवरांतल्या पक्ष्यांची झोप जाते. कमरेएवढे, पिवळसर, खाली उजेड टाकणारे दिवे लावा.

शेवटचं म्हणजे गाळ. पावसाळ्यानंतर रस्त्यावर बोटभर चिखल बसतो, तो ओला असतानाच ओढला तर दोन माणसांचं काम, सुकला की त्यात फावडंही शिरत नाही. तो कोण काढणार, कचरा कोणत्या वारी उचलणार, हे ड्रॉइंगच्याच कागदावर लिहून घ्या. आमच्याकडे आता कोळीवाड्यातली चार पोरं आणि आमच्या सोसायटीतले तिघं गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला फावडी घेऊन हजर असतात, चहा मावशींकडे.