छोट्या विमानाचं एव्हिऑनिक्स अपडेट करताना या चुका टाळा

अपडेटनंतर कॉकपिटच्या पडद्यावर लाल फुली, म्हणजे माहिती येत नसल्याची खूण, आली की सगळ्यांचा पहिला संशय बॉक्सवर, म्हणजे पडद्यामागच्या उपकरणावर, जातो. बॉक्स काढतात, दुसरा बसवतात, आणि फुली जागची हलत नाही. अपडेटनंतर उद्भवणाऱ्या तक्रारींत बॉक्स खरोखर जळालेला फार कमी वेळा सापडतो. बॉक्सांमधल्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत, एवढंच बहुतेकदा झालेलं असतं. एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं, हा संच आहे, आणि मंजुरीही त्या संचाला असते. इंदूरच्या विमानतळावर प्रशिक्षणासाठी उडणाऱ्या सेसना १७२ सारख्या विमानांची देखभाल करणाऱ्यांनी आणि त्यांच्या मालकांनी हे एक धरून ठेवलं, तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत. खालची बरीच उदाहरणं गार्मिन कंपनीच्या जी१००० या पडद्यांच्या संचाची आहेत, कारण अशा विमानांत तेच जास्त दिसतं.

डेटाबेस आणि सॉफ्टवेअर एकच समजणं

नेव्हिगेशन डेटाबेस दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलतो. वर्षात अशी साधारण १३ चक्रं होतात. २०२६ चं पहिलं चक्र २२ जानेवारीला लागू झालं. त्यात धावपट्ट्या, फिक्स (मार्गावरचे ठरलेले बिंदू) आणि अप्रोच (उतरण्याचे ठरलेले मार्ग) असतात. अडथळ्यांचा डेटाबेस त्याहून उशिरा, तर डोंगर-दऱ्यांचा क्वचितच बदलतो.

सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. ते विमानाच्या मंजूर रचनेचा भाग असतं. त्यासाठी निर्मात्याचं सर्व्हिस बुलेटिन किंवा मंजूर सुधारणेचा कागद हवा, काम योग्य परवान्याच्या माणसाने मान्यताप्राप्त संस्थेच्या छत्राखाली करायला हवं, आणि शेवटी सेवेत सोडण्याचा दाखला व लॉगबुकात नोंद हवी. ‘नवीन आवृत्ती आली आहे’ हे ती चढवण्याचं कारण नव्हे. बुलेटिनमध्ये आपल्या विमानाचा अनुक्रमांक बसतो का आणि आधी कोणती आवृत्ती असणं बंधनकारक आहे, या दोन ओळी आधी वाचा. नव्या सॉफ्टवेअरबरोबर फ्लाइट मॅन्युअलची पुरवणीही बदलू शकते. जुनी पुरवणी फाईलमध्ये तशीच राहिली, तर वैमानिक वाचतो एक आणि पडदा दाखवतो दुसरंच.

कार्डांचा घोळ

सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. जुन्या जी१००० च्या प्रत्येक पडद्याला दोन खाचा असतात. वरच्या खाचेतून नेव्हिगेशन डेटाबेस भरायचा आणि कार्ड काढून घ्यायचं. खालच्या खाचेतलं कार्ड कायम आत राहतं, कारण भूभाग आणि अडथळे पडदा तिथूनच वाचत असतो. नेमकं हेच खालचं कार्ड अपडेटसाठी घरी नेलं जातं आणि लॅपटॉपच्या खाचेत विसरून राहतं. दुसऱ्या दिवशी भूभागाचा डेटाबेस गायब असल्याचा संदेश येतो आणि तपास सुरू होतो तो वायरिंगचा. आधी खालची खाच बघा. हे कार्ड पहिल्या वापरात त्या विमानाच्या सिस्टिम आयडीशी बांधलं जातं, त्यामुळे शेजारच्या विमानाचं कार्ड उसनं आणून भागत नाही. प्रत्येक कार्डावर विमानाची व्हीटी-नोंदणी (‘व्हीटी’ ने सुरू होणारा भारतीय नोंदणी क्रमांक) आणि कोणत्या पडद्याचं ते पक्क्या शाईने लिहा.

दुसरी चूक म्हणजे एकाच पडद्यात डेटाबेस भरून थांबणं. मुख्य पडदा नवा आणि शेजारचा जुना राहिला की ‘डीबी मिसमॅच, क्रॉसटॉक बंद’ असा संदेश येतो. दोन्ही पडदे एकमेकांशी बोलणं थांबवतात आणि एकावर टाकलेला फ्लाइट प्लॅन दुसऱ्यावर दिसत नाही. उपाय सोपा आहे. वीज बंद करा, तेच कार्ड दुसऱ्या पडद्याच्या वरच्या खाचेत घाला, वीज चालू करा, पडदा विचारेल तेव्हा होकार द्या, आणि भरणं पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत ब्रेकरला हात लावू नका.

आता खुद्द कार्डाबद्दल. इंदूरच्या जेल रोडला सहज मिळतात ती बहुतेक ३२ किंवा ६४ जीबीची कार्डं. जुन्या सॉफ्टवेअरवरचे पडदे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड ओळखतात. मोठं कार्ड घातलं तर काहीच घडत नाही, त्रुटीचा संदेशसुद्धा येत नाही. कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी खाली सरकलेली असली की लॅपटॉप त्यावर लिहू शकत नाही. लिहून झाल्यावर ‘सेफली रिमूव्ह’ न करता कार्ड ओढून काढलं, तर फाईल अर्धवट राहते आणि खापर फुटतं विमानावर.

एकच बॉक्स बदलला आणि काम झालं असं मानणं

बदलून आलेला जीआयए (रेडिओ आणि जीपीएसचा बॉक्स) किंवा इंजिनच्या संकेतांचा जीईए बॉक्स वर्कशॉपमधून नव्या आवृत्तीसह येऊ शकतो. विमानातला संच जुना असेल, तर ‘मॅनिफेस्ट: सॉफ्टवेअर मिसमॅच, कम्युनिकेशन हॉल्टेड’ असा संदेश आणि त्या बॉक्सच्या आकड्यांवर लाल फुली येते. बॉक्स चांगलाच असतो. संच त्याला ओळखत नाही, म्हणून संवाद मुद्दाम तोडतो. ही सुरक्षेचीच सोय आहे.

अशा वेळी बॉक्स परत पाठवू नका, आणि बाकीचा संच घाईने नव्या आवृत्तीवर नेऊ नका. लॉगबुकात नोंदलेला लोडर कार्डाचा (ज्यावरून संचाचं सॉफ्टवेअर भरतात त्या कार्डाचा) पार्ट नंबर शोधा. चालू होताना बहुउपयोगी पडद्यावर सिस्टिमची आवृत्ती दिसते (सेसनाच्या नॅव्ह-३, म्हणजे जी१००० बसवलेल्या, विमानांत ती ०५६३ ने सुरू होते), ती त्या नोंदीशी ताडून बघा. दोन्ही जुळले, तर मुख्य पडद्याची एंटर कळ दाबून धरून वीज द्या आणि कॉन्फिगरेशन मोडमध्ये जा. त्याच लोडर कार्डावरून त्या बॉक्सचं सॉफ्टवेअर भरा आणि मग कॉन्फिगरेशन भरा. कॉन्फिगरेशनची दुसरी पायरी पुष्कळदा राहून जाते. सॉफ्टवेअर बरोबर आणि कॉन्फिगरेशन रिकामं अशी स्थिती असेल, तर बॉक्स जिवंत दिसतो पण इंजिनचे काटे किंवा रेडिओ भलतंच दाखवतात.

दोष कोणत्या बाजूचा आहे हे पाहण्यासाठी जीआयए-१ आणि जीआयए-२ यांची अदलाबदल करण्याची पद्धत चांगली आहे, पण त्यानंतरही मॅन्युअलमधली लोडिंगची पायरी सोडू नका. जीआयए ६३ आणि ६३डब्ल्यू मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डब्ल्यू प्रकाराला अँटेनाही वेगळा लागतो.

काम सुरू करण्याआधी सिस्टिम स्टेटस पानावरच्या सगळ्या बॉक्सांच्या आवृत्त्या आणि अनुक्रमांकांचे फोटो काढा. दहा मिनिटांचं काम आहे. मागे वळायची वेळ आली, तर हाच एक नकाशा हाताशी असतो.

विजेकडे दुर्लक्ष

नुसता डेटाबेस बॅटरीवर भरून होतो. पूर्ण संचाचं सॉफ्टवेअर भरायला तासांचा हिशोब लागतो, आणि तिथे विमानाच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर विसंबू नका. २८ व्होल्टचा स्थिर ग्राउंड पॉवर लावा. भरणं चालू असताना व्होल्टेज कोसळलं, तर अर्धवट भरलेला बॉक्स वर्कशॉपला पाठवावा लागू शकतो. ग्राउंड पॉवर हँगरच्या विजेवर चालत असेल, तर पावसाळ्यात एखादा झटकासुद्धा पुरतो. मधे यूपीएस असावा. आणि मे महिन्यात इंदूरच्या एप्रनवर, दुपारी, बंद कॉकपिटमध्ये हे काम काढू नका. पडदे आणि मागचे बॉक्स तापलेले असतात आणि पंखा जेमतेम पुरतो. सकाळी सात ते दहा ही वेळ धरा.

परदेशातून आलेलं विमान जसंच्या तसं वापरणं

अमेरिकेतून विकत आणलेल्या विमानात डेटाबेसचं वर्गणीक्षेत्र बहुधा अमेरिकेचंच असतं. वेपॉइंट पानावर इंदूरचा कोड, म्हणजे व्हीएआयडी, टाकून बघा. सापडला नाही, तर डेटाबेस खराब झालेला नाही, क्षेत्र चुकीचं आहे.

त्याहून गंभीर बाब ट्रान्सपाँडरची, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या उपकरणाची. त्याचा २४ बिटांचा पत्ता नोंदणीशी जोडलेला असतो. अमेरिकी पत्ते हेक्समध्ये ‘ए’ ने सुरू होतात, भारताचा गट ८००००० ते ८३एफएफएफएफ असा आहे. व्हीटी-नोंदणी रंगवून झाली आणि पत्ता मात्र जुनाच राहिला, तर रडारला आणि एडीएस-बीला (विमान आपली जागा प्रसारित करतं त्या यंत्रणेला) विमान परकं दिसतं. पत्ता भरताना हेक्सचे ६ आणि ऑक्टलचे ८ अंक यांत गल्लत होते. कोणता रकाना काय मागतो ते आधी पाहा. ४०६ मेगाहर्ट्‌झच्या ईएलटीलाही (अपघातात आपोआप संकेत देणाऱ्या ट्रान्समीटरलाही) भारताचा देश-कोड ४१९ घालून नव्याने कोडिंग आणि नोंदणी लागते. हे राहून गेलं, तर अपघातात शोधपथकाचे मोलाचे तास चुकीच्या देशात जातात.

९७८ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एडीएस-बी रिसीव्हरवर इथे पैसे घालवू नका. ती सेवा अमेरिकेची आहे. भारतात ना तिचा हवामान-डेटा येतो, ना वाहतूक दिसते. इथे १०९० मेगाहर्ट्‌झच हवं.

गगनचंही, म्हणजे जीपीएस अधिक अचूक करणाऱ्या भारतीय उपग्रह-सेवेचंही, असंच आहे. एसबीएएस (अशा सेवेचे उपग्रह-संकेत) सक्षम रिसीव्हर असूनही जुन्या सॉफ्टवेअरच्या निवड-यादीत गगन नसू शकतं, किंवा अपडेटनंतर ते बंद राहतं. विमान हँगरबाहेर काढा, दक्षिणेकडचं आकाश मोकळं ठेवा आणि जीपीएस स्टेटस पान उघडा. १२० च्या पुढच्या क्रमांकाचा उपग्रह आणि ‘३डी डिफ नॅव्ह’ दिसलं म्हणजे मिळालं. पत्र्याच्या छताखाली उभं राहून ‘गगन येत नाही’ अशी तक्रार लिहू नका.

वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जोडताना

नवा जीपीएस आणि जुना ऑटोपायलट यांच्यात एआरआयएनसी ४२९ ही डेटाची जोडणी असेल, तर वेग दोन्हीकडे एकच हवा: सेकंदाला १२.५ किंवा १०० किलोबिट. एकीकडे हाय आणि दुसरीकडे लो ठेवलं, तर काहीच पोचत नाही. वेग बरोबर असेल तर ए आणि बी तारा उलट लागल्या आहेत का ते पाहा. कॅन बसवर (उपकरणं जोडणाऱ्या दोन तारांच्या सामायिक जोडणीवर) चालणाऱ्या उपकरणांत, उदाहरणार्थ गार्मिनच्या छोट्या जी५ पडद्यामध्ये, वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला, तर एका टोकाचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोधक) नाही. ४० आला, तर कुणीतरी तिसरा लावलेला आहे. पडदा अधूनमधून गायब होऊन परत येण्यामागे हेच असतं.

उडण्याआधीची तपासणी

ऑटोपायलटची स्वयंचाचणी आणि रॅम्प टेस्ट सेटने ट्रान्सपाँडरची तपासणी करा. एअर डेटा बॉक्स हलवला असेल, तर पिटो-स्टॅटिकची (वेग आणि उंचीसाठी हवेचा दाब आणणाऱ्या नळ्यांची) गळती तपासा. मॅग्नेटोमीटरला (दिशा दाखवणाऱ्या चुंबकीय सेन्सरला) हात लावला असेल, तर त्याचं कॅलिब्रेशन करा. पडद्यावरची उंची इंदूर विमानतळाच्या १८५० फुटांच्या आसपास येते का ते बघा, आणि भूभागाच्या पानावर महूपलीकडे जानापावचा उंचवटा उमटतो का तेही. साठवलेले फ्लाइट प्लॅन एकेक उघडा. नव्या चक्रात एखादा फिक्स रद्द झाला असेल, तर तो प्लॅन कुलूपबंद होतो, आणि ते कळण्याची जागा पार्किंग आहे.