खेळणं सुटलेला माणूस घरी आला की

आमचे हे मुंबईचं फुटबॉल संपवून परभणीला कायमचे आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता निवांत बसू द्या माझ्या लेकराला." बसू देऊ नका.

आधी ताट बघा. एका मॅचला दहा-अकरा किलोमीटर पळणाऱ्या माणसाचं पळणं थांबतं, भूक थांबत नाही. भाकरी मोजून वाढली की भांडण होतं. मी भाकरीच लहान थापते, आणि आधी उसळ-काकडी वाढते. वजन किलोभर उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो.

गुडघ्याची गादी कापून काढलेली असेल, तर झीज लवकर होते. म्हणून पंगतीत खुर्ची द्या, पाहुणे काय म्हणायचं ते म्हणोत. घरात कमोड बसवून घ्या. हा खर्च मोठ्या टीव्हीच्या आधीचा. सकाळी पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. मांडी आवळून गुंडाळी खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. सूज आली तर बंद, आणि हाडाच्या डॉक्टरकडं. सायकल चांगली, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत.

खरी पंचाईत वेळेची. इतकी वर्षं कधी उठायचं, काय खायचं, कुठं उभं राहायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. "जरा मदत करा की" म्हटलं तर हे पलंगावरून हलत नाहीत. "साडेसातला दूध, अकराला बँक" म्हटलं की दहा मिनिटं आधीच चपला घालून तयार! तसंच सांगत जा.

गल्लीतली पोरं चेंडू घेऊन दारात येतीलच. शिकवायची हौस असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स हा प्रशिक्षकाचा कोर्स करायला लावा. फुकटची कोचिंग चार दिवस गोड लागते.

"का सोडलं?" हे मात्र घरात कुणी विचारू नये. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल क्लब 2010 मध्ये बंदच झाला. सोडणं दर वेळी खेळणाऱ्याच्या हातात असतं कुठं? आणि पाहुण्यांनी "किती कमावलं हो?" असं काढलंच, तर चहा पुढं करून त्यांना सोयाबीनचा भाव विचारायचा. तासभर दुसरा विषय निघत नाही.