एकटेपणा मोजायची प्रश्नावली कशी बनवायची?

बेळगाव-खानापूरकडं पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आणि घरात फक्त आई-बाबा, असं आता गल्लोगल्ली दिसतं, त्यामुळं सायकॉलॉजीची पोरं प्रोजेक्टला म्हाताऱ्यांचा एकटेपणा घेतात. जरूर घ्या, पण इंग्लिश प्रश्नावली उचलून मराठीत टाइप करून वाटू नका.

आधी थिअरी लिहून काढा. पेप्लाऊ आणि पर्लमन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, माणसाला हवी असलेली नाती आणि खरोखर असलेली नाती यात जे अंतर पडतं तो एकटेपणा. म्हणजे भरल्या घरातही तो असू शकतो, आणि एकटी राहणारी आजी मजेतही असू शकते.

मग लोकांशी निवांत बोला. खानापूरजवळ एका आजींना मी सरळ विचारलं, एकटं वाटतं का? तर म्हणाल्या, "एकटी कशी? म्हस हाय की दारात." आणि थोड्या वेळानं चहा गाळता गाळता आपणच बोलल्या, "सांजच्याला घर खायला उठतंय बघ." माझा प्रश्न तिथंच बदलला, त्यांचंच वाक्य घेतलं.

अशी तीसेक वाक्यं गोळा करा, शेवटी दहा-बारा उरतील. चार-पाच जणांना ती वाचून दाखवा आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा, ही पायरी कृपा करून गाळू नका. "मला एकटं वाटत नाही" याला कोणी "होय, नाही वाटत" म्हणतं, कोणी नुसतं "नाही", अर्थ एकच आणि मार्क उलटे, असली वाक्यं काढूनच टाका.

नंतर जमलं तर दोनशे जणांकडून भरून घ्या आणि क्रॉनबॅकचा अल्फा काढा, म्हणजे सगळी वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 1951 पासून वापरात आहे, 0.70 च्या वर आला की बरा मानतात. पण एकच प्रश्न शब्द फिरवून दहादा विचारला तरी अल्फा वाढतो, त्यानं एकटेपणाच मोजला हे ठरत नाही. त्यासाठी क्रॉनबॅक आणि मील यांनी 1955 मध्ये सांगितलेलं बघा, थिअरीतून जे निघतं ते आकड्यांत दिसतं का? तुमचा स्कोअर नुसता घरातल्या माणसांच्या संख्येवरच हलत असेल तर तुम्ही एकटं राहणं मोजलंय, एकटं वाटणं नाही, मग परत वाक्यांकडं जा.

दोन आठवड्यांनी त्यातल्या काहींकडून परत भरून घ्या, स्कोअर साधारण तसाच येतो का ते बघायला. आणि कानडी प्रत केली तर मूळ मराठी न बघितलेल्या माणसाकडून ती उलट मराठीत करून घ्या, "घर खायला उठतं" तिकडं काय झालं ते लगेच कळतं.