व्हॅक्यूमचा टर्बो यांत्रिक वेस्टगेट कंट्रोलरवर आणताना

गाडी ओढत नाही, चढावर काळा धूर सोडते आणि बॉनेट उघडून पाहावं तर व्हॅक्यूमची नळी बोटांत चुरगळते. अशा वेळी ही सगळी नळ्यांची गुंतवळ काढूनच टाकावी असं वाटतं. मी ती काढली. माझ्या जुन्या पाच सिलिंडर डिझेलवर आता टर्बोच्याच दाबावर चालणारा प्रेशर ॲक्च्युएटर आणि त्याकडे जाणारा दाब अडवून धरणारा यांत्रिक कंट्रोलर आहे, आणि मी समाधानी आहे. पण पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: या बदलात बिघाडाची दिशा उलटते.

व्हॅक्यूम पद्धतीत पंपाची ओढ ॲक्च्युएटरचा (म्हणजे आत डायफ्रॅम असलेल्या डब्याचा) दांडा आत खेचते, वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, मिटतं आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, तयार होतो. नळी फुटली तर स्प्रिंग दांडा बाहेर ढकलते, गेट उघडं पडतं, गाडी मरगळते. इंजिनाला मात्र धक्का लागत नाही. प्रेशर ॲक्च्युएटरमध्ये स्प्रिंग गेट मिटून धरते आणि बूस्टचा दाब ते उघडतो. इथे नळी निसटली की गेट उघडणारं कुणी उरत नाही. बूस्ट चढतच राहतो.

हे मी घाटात शिकलो. पहिल्यांदा बसवताना नळीला क्लॅम्पऐवजी प्लॅस्टिकचा पट्टा लावला होता. तिसऱ्या गिअरमध्ये चढताना गाडी अचानक सुसाट ओढायला लागली आणि गेजचा काटा १.१ बार ओलांडून पुढे सरकत राहिला. गेज डोळ्यांसमोर होतं म्हणून पाय लगेच उचलला. ते नसतं तर हेड गॅस्केट गेलंच असतं. म्हणून खरेदीत पहिला बूस्ट गेज, मग स्क्रूचे क्लॅम्प आणि शेवटी कंट्रोलर.

आधी मुळात बदलाची गरज आहे का ते पाहा. हातपंपाने जुन्या ॲक्च्युएटरवर ०.६ बार व्हॅक्यूम ओढा आणि मिनिटभर थांबा. काटा जागेवर राहिला तर डायफ्रॅम शाबूत आहे. दोष नळीत किंवा सोलेनॉइडमध्ये (व्हॅक्यूम सोडणाऱ्या विजेच्या झडपेत) शोधा. दांड्याची क्लिप काढून वेस्टगेटचा लिव्हर हाताने हलवा. काजळीने तो अडकत असेल तर कुठलाही कंट्रोलर कामाचा नाही, टर्बोच साफ करावा लागेल.

हा बदल शोभतो तो यांत्रिक फ्युएल पंपाच्या, साध्या वेस्टगेटच्या इंजिनावर. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंधन पद्धतीच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट सतत ताडून पाहतो. तफावत दिसली की लिंप मोड, म्हणजे तो इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. हलत्या पात्यांच्या टर्बोवरही प्रेशर ॲक्च्युएटर चालतो, पण हलक्या पायाने जाताना बूस्ट कमी असतो, पाती मिटलेलीच राहतात आणि एक्झॉस्ट विनाकारण तुंबतो. मी तिथे हा बदल सुचवत नाही. धुराच्या नियमांत तो बसतो का, हेही आधी तपासा.

व्हॅक्यूमच्या नळ्या काढताना घाई करू नका. तोच पंप बहुधा ब्रेक बूस्टरलाही ओढ देतो. टर्बोकडे जाणारा फाटा तेवढा घट्ट टोपी लावून बंद करा. मग इंजिन चालू ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक लागलं तर कुठेतरी गळती आहे. ती मिळेपर्यंत गाडी हलवायची नाही.

आता नव्या प्रेशर ॲक्च्युएटरचा दांडा, म्हणजे खरं कसब. गेट पूर्ण मिटलेलं असताना दांड्याचं भोक लिव्हरच्या पिनेपासून २ ते ३ मिलिमीटर अलीकडे, डब्याच्या बाजूला राहिलं पाहिजे. हातपंपाने थोडा दाब देऊन दांडा बाहेर आणा आणि पिनेवर बसवा. पक्कडीने ओढलात तर डायफ्रॅम पिळवटतो. एम-६ आट्याचा एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर. चेकनट आवळताना दांडा दुसऱ्या पान्याने धरा.

दाबाची नळी कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळच्या निपलवरून घ्या आणि ती फक्त ॲक्च्युएटरसाठी ठेवा. फ्युएल पंपाच्या बूस्ट डायफ्रॅमची नळी वेगळी असू द्या. दोन्ही नळ्या तापणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब, कुठे मुडपणार नाहीत अशा फिरवा.

पहिली फेरी कंट्रोलरशिवाय, नळी थेट जोडून मारा. गेजवर दिसेल तो स्प्रिंगचा मूळ बूस्ट; कंट्रोलर त्याच्या खाली कधीच जाणार नाही. माझ्याकडे तो ०.७ बार आला. मग गोळी-स्प्रिंगचा कंट्रोलर मध्ये बसवा, बाणाचं टोक ॲक्च्युएटरकडे. त्याच्या बाजूचं बारीक छिद्र बुजवू नका. पाय उचलल्यावर अडकलेला दाब तिथूनच सुटतो. स्क्रू आत फिरवला की बूस्ट वाढतो. अर्धा फेरा, एक लांब चढ पूर्ण दाबून, पुन्हा अर्धा फेरा. कंपनीने ठरवलेल्या बूस्टला पोचलात की लॉकनट आवळा.

घरी आल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि दोन्ही क्लॅम्प पुन्हा पिळून पाहा. माझा एक पहिल्याच दिवशी पाव फेरा ढिला झाला होता.