जनावरांतील प्रतिजैविक प्रतिकाराचा मागोवा: निधी मागताना या चुका टाळा

जनावरांतल्या जिवाणूंवर कोणती औषधं चालेनाशी झाली आहेत हे तपासण्याच्या प्रस्तावात, अंदाजपत्रकाची पहिली ओळ बहुतेक वेळा ही तपासणी करणाऱ्या महागड्या स्वयंचलित यंत्राची असते. यंत्र येतं, उद्घाटन होतं, आणि त्यात घालायची एकदाच वापरायची चाचणी-कार्डं संपली की त्यावर कव्हर चढतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूवर कोणतं औषध चालतं (त्याची संवेदनशीलता) हे साध्या डिस्क पद्धतीनेही नीट कळतं: जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची छोटी चकती (डिस्क) ठेवायची आणि तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वलय मोजायचं. यंत्र हवंच असेल तर कार्डं, देखभाल करार आणि यूपीएस प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षापर्यंत धरा.

खरी गफलत ‘किरकोळ साहित्य’ या एका ओळीत असते. तिथे हिशेब मांडा. 400 जिवाणू, 12 औषधं, 90 मिमीच्या प्लेटवर 4 डिस्क, म्हणजे 1,200 प्लेट. प्रत्येकीत 25 मिली म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम), म्हणजे 30 लिटर. लिटरला 38 ग्रॅम धरले तर 1.14 किलो पावडर, शिवाय सांडलवंड आणि चाचणीच्या प्लेट. 50 डिस्कची नळी धरली तर औषधामागे 8 नळ्या लागतात. आठवड्याच्या गुणवत्ता चाचणीसह 10 मागा. प्लेटमागे 25 मिली हा आकडा कंजूषपणे कापू नका. थर 4 मिमीपेक्षा पातळ झाला की वलय मोठं दिसतं आणि प्रतिकारक जिवाणू ‘संवेदनशील’ ठरतो.

सगळ्या डिस्क मार्चअखेर एकदम उचलणं हा तर नेहमीचाच प्रकार. मग वापरण्याआधीच बऱ्याच डिस्कची मुदत संपते. निविदेतच टप्प्याटप्प्याने पुरवठा आणि पोहोचताना शिल्लक किमान मुदत लिहून घ्या. नळी फ्रीजमधून काढून लगेच उघडू नये. बाष्प बसतं आणि पेनिसिलिन गटातली औषधं कमजोर होतात. खोलीच्या तापमानाला तासभर येऊ द्या.

संदर्भ स्ट्रेनसाठी, म्हणजे ज्याचा निकाल आधीच माहीत आहे अशा प्रमाणित जिवाणूसाठी, पैसे नसतील तर बाकीचे आकडे कशाच्या भरवशावर? ई. कोलायचा संदर्भ स्ट्रेन एटीसीसी 25922 वर सेफोटॅक्झिम या प्रतिजैविकाच्या 30 मायक्रोग्रॅम डिस्कचं वलय 29 ते 35 मिमीत यायला हवं. आलं नाही तर त्या दिवसाचे सेफोटॅक्झिमचे निकाल थांबवा. कारण सापडल्यावर चाचणी पुन्हा करा. हा स्ट्रेन उणे 70 अंशांच्या फ्रीझरमध्ये राहतो, म्हणून वीज गेल्यावरची सोयही अंदाजपत्रकात हवी.

कोलिस्टिन या प्रतिजैविकासाठी डिस्क मागू नका. हा रेणू मोठा, अगारमध्ये धड पसरत नाही; सूक्ष्म द्रव-विरलन पद्धतच लागते, म्हणजे छोट्या खाचांतल्या द्रवात औषध कमी-कमी करत जिवाणू कुठे वाढतो ते बघायचं. अन्नोत्पादक जनावरांत त्याच्या वापरावर भारतात 2019 पासून बंदी आहे, त्यामुळे बंदीनंतर काय बदललं हे बघायचं तर ही चाचणी गाळून चालणार नाही.

नमुने दवाखान्यात आलेल्या आजारी जनावरांचेच घेतले तर प्रतिकार फुगून दिसतो, कारण त्यांना आधीच औषधं टोचलेली असतात. निरोगी जनावरांची विष्ठा किंवा कत्तलखान्यातली सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीची) सामग्री घ्या. एकाच पोल्ट्री शेडमधले 40 नमुने म्हणजे 40 स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. एकच जिवाणू सगळीकडे पसरलेला असू शकतो. त्यापेक्षा जास्त फार्म, फार्ममागे कमी नमुने. त्यासाठी गाडीभाडं आणि बर्फाचे डबे जास्त लागतात, आणि प्रस्तावात कात्री नेमकी तिथेच लागते.

नोंदीत ‘स’ (संवेदनशील) किंवा ‘प्र’ (प्रतिकारक) एवढंच लिहिलं तर, किती मिमीला काय म्हणायचं हे निकष बदलल्यावर जुना डेटा वाया जातो. वलय मिमीत नोंदवा. अशा नोंदी ठेवणारं व्होनेट सॉफ्टवेअर मोफत आहे, पण त्यात माहिती भरणारा माणूस मोफत मिळत नाही. त्याचं मानधन स्वतंत्र ओळीत दाखवा. फार्मवरची औषधांची बिलं आणि खाद्य-पाण्यातल्या औषधांच्या नोंदीही त्याच फेरीत गोळा करायला लावा.